साठेखत, साटेखत की विक्री करार?

अनुस्वार: एका दाव्याचा इंग्रजीतून मराठी अनुवाद चालू आहे. 'अॅग्रीमेंट फॉर सेल' (पुढे विकण्याचा करार) आणि 'सेल डीड' (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) हे दोन शब्द पानोपानी येतात. मी 'विक्री करार' आणि 'विक्रीखत' केलं होतं. पहिल्या तपासणीत दोन्ही खोडून 'साठेखत' आणि 'खरेदीखत' आलं, दुसऱ्या तपासणीत साठेखतातल्या ठ चा ट झाला. काय ठेवू? आणि विक्रीखत चूक कसं?

दस्तलेखक: चूक नाही, पण त्या नावाने दस्त कुणी करत नाही. गंमत बघा, खरेदीखत लिहून देतो तो विकणारा. 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे' हे त्याचंच वाक्य. नाव मात्र घेणाऱ्याच्या बाजूने पडलं, कारण कागद शेवटी त्याच्या कपाटात जातो.

साठेखताचं म्हणाल तर ते नुसतं वचन: अमुक रक्कम पोचली, अमुक परवानगी आली की खरेदीखत करून देईन. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५४ स्पष्ट सांगतं की अशा कराराने मालमत्तेत कसलाही हक्क वा बोजा आपोआप निर्माण होत नाही. म्हणून साठेखतावर सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, नाव चढत नाही. 'विक्री करार' वाचून सामान्य माणूस समजतो की जमीन विकली गेली, म्हणून तो शब्द नको. साठेखतच ठेवा.

साटंलोटं: ठेवा, पण ट ने. साटं म्हणजे देवघेवीचा ठराव. साटेलोटे, साट्यालोट्याचं लग्न हे सगळं त्याच घरातलं. जुन्या मराठीत 'साटी' म्हणजे मोबदल्यात, आपलं 'साठी' तिथूनच आलं असं माझं मत. साठ्याशी, म्हणजे गोदामातल्या मालाशी, या खताचा काय संबंध?

फेरफार: तुमच्याच उदाहरणात साटी चा साठी झाला आणि तो तुम्ही रोज बिनतक्रार वापरता. मग खताने काय घोडं मारलंय? नोटिशीत, कैफियतीत, हुकूमनाम्यात सगळीकडे ठ दिसतो. व्युत्पत्तीवर शब्द चालत असते तर 'खत' तरी कुठे आपलं? ते अरबीतून फारसीमार्गे आलेलं.

साटंलोटं: उपरे शब्द नकोत असं मी म्हटलेलंच नाही. आहे तो शब्द नीट लिहा एवढंच.

शुद्धमती: मग उपऱ्यांचाही विचार होऊ दे. 'दस्त', 'खरेदी', 'फरोक्त' (विक्री) सगळी फारसी. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो याच दुखण्यावर. आज नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, 'विलेखाचा (दस्ताचा) प्रकार' असा रकाना आहे. विलेख, संविदा हे शब्द तयार असताना अनुवादकाने ते का टाळावेत?

दस्तलेखक: कारण 'संविदा' आणि 'करार' हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात कायद्याने अंमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. प्रत्येक संविदा करार असते, उलट नाही. जुगाराचा करार हा करार आहे, पण रद्दबातल. आणि बांधकामावर गेलात की 'कॉन्ट्रॅक्ट' या त्याच इंग्रजी शब्दाला कंत्राट म्हणतात. 'संविदा कामगार' हे हिंदीत चालतं, मराठीत कंत्राटी कामगारच.

फेरफार: अनुस्वार, तुमच्या दाव्यात 'मुदत खरेदी' आली तर मात्र जपून. नावात खरेदी आहे म्हणून विक्री समजू नका. रक्कम अमुक मुदतीत परत केली तर जमीन परत, अशी अट त्याच दस्तात असेल तर ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८(क) चं सशर्त विक्रीचं गहाण ठरू शकतं. अट त्याच दस्तात हवी, ही पुरवणी १९२९ ची. परत खरेदीचा करार वेगळ्या कागदावर केला की गहाण म्हणता येत नाही, मग दस्तावर मथळा काहीही असो.

फरक वर्षांत मोजा. गहाण असेल तर सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत लावता येतो. परत खरेदीचा नुसता करार असेल तर करारपूर्तीच्या, म्हणजे करार पाळायला लावण्याच्या, दाव्याला ३ वर्षं, आणि मुदतीतली तारीख चुकली तर सहसा सगळंच गेलं. अनुवादकाने 'मुदत खरेदी'चं सरळ 'विक्री' करून टाकलं तर वादीचा अर्धा मुद्दा पुसला जातो.

शुद्धमती: शब्द नेमका हवा, हेच तर मी म्हणतेय.

फेरफार: नेमका आहेच. 'मुदत खरेदी' शंभर टक्के नेमका आहे, फक्त संस्कृत नाही.

साटंलोटं: आता इसार की विसार यावरही बोला. माझ्या मते इसार.

दस्तलेखक: दोन्ही चालतात, कागदावर 'इसारपावती' जास्त. अनुवादात खरी चूक होते ती वेगळी. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण, बाकीचे हप्ते म्हणजे मोबदल्याचा भाग. दोन्हीला 'आगाऊ रक्कम' म्हटलंत तर घेणाऱ्याने सौदा मोडल्यावर कुठली रक्कम जप्त होऊ शकते आणि कुठली परत द्यायची, हा वादच दिसेनासा होतो. शिवाय करारपूर्तीच्या दाव्यात इसार परत मिळण्याची मागणी वेगळी लिहावी लागते, विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) कलम २२. मागितलीच नाही तर कोर्ट आपणहून देत नाही, दावा दुरुस्त करून घ्यावा लागतो. त्या परिच्छेदात शब्द हलवू नका.

अनुस्वार: समजलं. पण मथळ्यात ठ की ट?

फेरफार: त्याआधी सांगा, त्या साठेखताने ताबा दिलाय का? आणि ते नोंदवलेलं आहे का?

अनुस्वार: ताबा दिल्याचं लिहिलंय. दस्त २०१४ चा, नोटरीसमोर, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. नोंदणी नाही.

दस्तलेखक: मग ट आणि ठ राहू द्या बाजूला. महाराष्ट्रात ताबा देणारं साठेखत मुद्रांकापुरतं अभिहस्तांतरणच, म्हणजे मालकी देणारा दस्तच, धरतात, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातल्या अनुच्छेद २५ चं स्पष्टीकरण वाचा. म्हणजे खरेदीखताइतकंच शुल्क. ते भरलं की पुढच्या खरेदीखतात वजा मिळतं, म्हणून शहाणी माणसं साठेखतालाच पूर्ण भरतात. ५०० रुपयांवर केलेला कागद कोर्टात दाखल झाला की अडकवून ठेवतात, आणि कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड.

फेरफार: आणि २४ सप्टेंबर २००१ नंतरचा दस्त नोंदवलेला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ चं ताब्याचं संरक्षण नाही. करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून मात्र दाखवता येतो, नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ च्या परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाने. ते परंतुक मुद्रांकाची अडचण सोडवत नाही.

शुद्धमती: 'अडकवून ठेवतात' हा कुठला कायद्याचा शब्द? जप्त म्हणा.

दस्तलेखक: जप्त कसं म्हणू? शुल्क आणि दंड भरला की कागद परत मिळतो.

साटंलोटं: 'अटकाव' चालेल का?

अनुस्वार: मथळा उद्या सकाळी द्यायचाय हो.