घार आता उडणार नाही म्हणतात. जन्मभर पिंजऱ्यात ठेवणं बरोबर आहे का?

लालबागची सून:
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीच्या गच्चीवर, टाकीमागे घार सापडली. डाव्या पंखात मांजा रुतलेला. १९२६ या हेल्पलाइनला फोन केला, वनखात्याची माणसं घेऊन गेली. काल कळलं, जगली, पण उडणार नाही. सासूबाई म्हणतात, "त्यापेक्षा मेली असती तर सुटली असती." आपणच आणून गच्चीवर ठेवली तर?

भांडुपकर:
ताई, घरी नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरळ गुन्हा आहे. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी फिरक्या मिळतातच!

रविवारचा गडी:
सहा वर्षं दर रविवारी जखमी पक्ष्यांच्या एका केंद्रात पिंजरे धुतो, म्हणून लिहितो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पडदा असतो, मांजा तोच कापतो. हाड एकवेळ जुळतं; पडद्यातला स्नायुबंध तुटला की पंख पुरता उघडतच नाही.

खरी काळजी मात्र पायांची. एकाच गुळगुळीत दांडीवर बसून तळव्यांना फोड येतात, ते चिघळतात. म्हणून आम्ही कमी-जास्त जाडीच्या फांद्यांना काथ्या गुंडाळतो. तारेच्या जाळीत पिसं मोडतात, तिथे बांबूच्या उभ्या पट्ट्या. नुसत्या बोनलेसवर हाडं ठिसूळ होतात, म्हणून अख्खा उंदीर द्यायचा. न पचलेल्या केसांची करडी गोळी ती नंतर ओकते. मी गेल्यागेल्या आधी ती शोधतो. दिसली की जीव भांड्यात पडतो.

सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत हं. एक घार माणूस दिसला की भिंतीवर आपटायची, खाणं सोडलेलं. डॉक्टरांनी तिला कायमची झोपवली तेव्हा मी भांडलो होतो. आज भांडणार नाही. पण दुसरी, आमची एकपंखी, उन्हाळ्यात घरट्यातून पडलेल्या पोरक्या पिल्लाला चोचीने मांस फाडून भरवत होती. ते पिल्लू पुढे उडून गेलं.

लालबागची सून:
सासूबाईंना वाचून दाखवलं. विचारतायत, बांगडा चालतो का.

रविवारचा गडी:
चालतो, पण आधी केंद्रात विचारा. आणि मीठ-हळद लावून आणू नका, मागे एका काकूंनी आणला होता.