शोषण दाबून टाकणाऱ्या कॉलेजला क्रीडा संघटनेने शिक्षा करावी का? आणि कोणती?

ठाणे_क्रीडासमिती
ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची नियमावली नव्याने लिहिणं चालू आहे. एका कलमावर गाडी अडली आहे. प्रशिक्षकाने किंवा क्रीडा विभागातल्या कुणी खेळाडूचं लैंगिक शोषण केलं आणि संस्थेने ते दाबलं, तर त्या संस्थेच्या सगळ्या संघांना दोन वर्षं प्रवेश बंद, असा मसुदा आहे. काहींचं म्हणणं, हे पोलिसांचं काम, आपण स्पर्धा भरवाव्यात. काहींना दोन वर्षंही कमी वाटतात. बाहेर असं कुठे झालंय का, त्यातून काय निघालं आणि आपल्याकडे कायद्यात बसेल असं कलम कसं लिहावं, हे जाणकारांनी सांगावं.

पंच_नेरुळ
सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचं. फुटबॉलचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की जून २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित ४५ आरोपांत दोषी ठरला. तो १९९९ मध्ये निवृत्त झाला होता, तरी संकुलातलं ऑफिस आणि किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. २००१ मध्ये त्याला एका अल्पवयीन मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिल्याची गोष्ट विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत गेली. ना पोलिसांना कळवलं, ना बालकल्याण यंत्रणेला. फक्त 'मुलांना इथे आणू नकोस' एवढं सांगितलं.

जुलै २०१२ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, ६ कोटी डॉलर दंड केला. हंगामानंतरच्या सामन्यांना ४ वर्षं बंदी घातली, शिष्यवृत्त्या कापल्या, १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द केले. आणि मग हळूहळू बहुतेक सगळं मागे घेतलं. २०१३ पासून शिष्यवृत्त्या परत, २०१४ मध्ये बंदी उठली, जानेवारी २०१५ च्या तडजोडीत विजयही परत. टिकला तो दंड, आणि तो पैसा बालशोषण रोखण्याच्या कामाला लावायचा होता.

शिक्षेचा पाया कच्चा होता, कारण संघटनेने स्वतः चौकशीच केली नव्हती. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि ११ दिवसांत निकाल लावला. शिवाय 'शोषण दाबू नये' असा नेमका नियम पुस्तकात नव्हता, संस्थेच्या नियंत्रणाचं मोघम कलम ताणून लावलं. तुमच्या मसुद्यात तेवढं आधी नीट करा, शिक्षा किती ते नंतर.

कलम_२१
पंचांच्या मुद्द्याला जोड. नियम लिहिलेला नसेल तर उलटंही होतं. अमेरिकेतल्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात लॅरी नासर या क्रीडा डॉक्टरने खेळाडूंचं शोषण केल्याच्या प्रकरणात विद्यापीठाने ५० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं (३३२ जणांना ४२.५ कोटी, बाकी पुढच्या दाव्यांसाठी), केंद्रीय शिक्षण खात्याने ४५ लाख डॉलर दंड केला. पण २०१८ मध्ये एनसीएएचं उत्तर आलं की आमचा नियम मोडलेला नाही. बेलर विद्यापीठाच्या बाबतीत २०२१ मध्ये तेच. वागणूक लाजिरवाणी म्हटली, तरी लैंगिक हिंसा न कळवण्याबद्दल नियमभंग सिद्ध धरला नाही. ५,००० डॉलर दंड झाला, तोही दुसऱ्याच बाबींसाठी.

आपल्याकडचं सांगतो. अकरावी-बारावी कॉलेजच्याच आवारात असते, म्हणजे तुमच्या मैदानावरचे कितीतरी खेळाडू १८ च्या आतले आहेत. तिथे पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा लागतो. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे. 'आधी आमची समिती बघेल' ही सोय कायद्यात नाही. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवत असेल तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा मानला. आपल्या जिल्ह्यातलं बदलापूर २०२४ आठवा, तिथे शाळेच्या चालकांवरही कलम २१ लागलं.

एक बारीक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कळवणाऱ्याला किती तासांत कळवायचं, हे कलम १९ सांगत नाही. २४ तासांची मुदत आहे ती पोलिसांवर, त्यांनी पुढे बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी. संस्था याच फटीत चार-चार दिवस काढतात. तुमच्या नियमावलीत '२४ तासांत लेखी, पोहोच घेऊन' असं घाला. मग लपवलं की नाही यावर वाद घालावा लागणार नाही, तारीख बघितली की झालं.

१८ वरच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम आहेत. तक्रार ३ महिन्यांत (मुदत वाढवता येते), कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीची चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि अहवालावर कार्यवाही ३० दिवसांत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असल्यांना या समितीत बसता येत नाही. संस्थेने हे पाळलं नाही तर यूजीसी अनुदान रोखू शकते, संलग्नता काढण्याची शिफारस करू शकते. म्हणजे संस्थेला शिक्षा करायचं हत्यार आहे, वापरलं जाताना मात्र क्वचितच दिसतं.

कबड्डी_पनवेल
सगळं मान्य, पण प्रवेशबंदीला माझा साफ विरोध. मुलाच्या हातात पदवीची तीन-चार वर्षं. त्यातली दोन गेली की निवड चाचण्या, क्रीडा कोटा, ग्रेस गुण सगळं गेलं. आणि बंदी येणार म्हटल्यावर तक्रार करणाऱ्या मुलीवर संघातलीच मुलं दबाव आणतील, 'तुझ्यामुळे आमचं वर्ष जाईल' म्हणून. म्हणजे लपवाछपवी थांबवायला आणलेला नियम लपवायलाच कारण देणार.

विद्यापीठ पातळीवर तर याहून वाईट. मुंबई विद्यापीठाचा संघ म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतची मुलं. ऐरोलीतल्या एका कॉलेजने कागद दाबला म्हणून कुडाळच्या मुलीने आंतरविद्यापीठ स्पर्धेला मुकायचं?

सडेतोड_ठाणे
कबड्डीवाले, भावना रास्त आहे, पण संघाला धक्का लागत नाही तोवर संस्थाचालक हलत नाहीत हेही खरं. दोन लाख दंड केलात तर ते जिमखाना फीमधून वसूल करतील. प्राचार्यांना नोटीस दिलीत तर फायलीला लागेल. मैदानावरून कॉलेजच्या नावाचा बोर्ड उतरला की मात्र दुसऱ्या दिवशी विश्वस्तांची बैठक लागते. मुलांचं नुकसान होतं म्हणून संस्थेला कधीच हात लावायचा नाही, असं चालणार नाही.

पंच_नेरुळ
दोघांचं जमेल असा रस्ता कुस्तीत दिसला. जागतिक कुस्ती संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. ते निवडणुका न घेतल्याबद्दल होतं, शोषणाच्या आरोपांबद्दल नव्हे, हे लक्षात घ्या. पण खेळाडूंना बाहेर काढलं नाही. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कुस्तीगीर अंतिम पंघाल तटस्थ खेळाडू म्हणून उतरली आणि ५३ किलोत कांस्य जिंकली.

तसंच इथे करा. दोषी कॉलेजची मुलं संयोजकांच्या नावाने, संयोजकांच्या जर्सीत खेळतील. वैयक्तिक पदक, प्रमाणपत्र, निवडीसाठीची नोंद त्यांची. सर्वसाधारण विजेतेपदाचे गुण कॉलेजला शून्य. २ वर्षं यजमानपद नाही, संघटनेच्या समितीत प्रतिनिधी नाही, क्रीडा संचालकांना मैदानावर प्रवेश नाही. संघासोबत व्यवस्थापक संघटना देईल, खर्च कॉलेजचा. सडेतोडसाहेब, बोर्ड उतरतोच यात.

कलम_२१
हे चालेल. संघटनेने शोषण झालं की नाही याची चौकशी करायचीच नाही, ते पोलीस आणि अंतर्गत समितीचं काम. तुम्ही तपासायचं ते एवढंच: कधी कळलं, कधी कळवलं, त्या माणसाला सरावापासून कधी दूर केलं, आणि तो गेला तर कोणत्या कागदावर गेला.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे प्रकरण दाबायची ठरलेली पद्धत आहे: 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा, हातात चांगला अनुभवाचा दाखला, आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस घोडबंदर रोडच्या नाहीतर खारघरच्या अकादमीत. बरेच प्रशिक्षक कॉलेजच्या पगारावर नसतातच, बाहेरच्या अकादमीकडून करारावर येतात, मग कॉलेज म्हणतं 'तो आमचा नव्हे'. म्हणून कलमात लिहा: मानधनावर, करारावर किंवा फुकट शिकवणारा प्रत्येकजण संस्थेचाच धरला जाईल, आणि तक्रार प्रलंबित असताना तो उल्लेख गाळून दिलेला दाखला हाच लपवाछपवीचा पुरावा मानला जाईल. करार संपताच किल्ल्या, ओळखपत्र आणि संघाचे व्हॉट्सअॅप ग्रुप काढून घेतल्याची नोंदही मागा.

ठाणे_क्रीडासमिती
तटस्थ खेळाडूंची कल्पना समितीपुढे ठेवतो. दोन शंका. २४ तास कधीपासून मोजायचे? आणि खोट्या तक्रारीचं काय, हा प्रश्न बैठकीत हमखास येणार.

कलम_२१
तास मोजायचे ते संस्थेतल्या पहिल्या प्रौढ माणसाला कळलं तिथून. मग तो ग्राउंड्समन असो की व्यवस्थापक, तोंडी कळलेलंही धरायचं. 'प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज आला तेव्हापासून' असं लिहिलंत तर अर्ज टेबलावर येणारच नाही.

खोट्या तक्रारीसाठी पोक्सोचं कलम २२ आहे. द्वेषाने खोटी माहिती देणाऱ्या प्रौढाला ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, बालकाला नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. बैठकीत एवढं वाचून दाखवा आणि पुढच्या विषयाकडे वळा. पीडित खेळाडूचं नाव, फोटो, कॉलेजचा वर्ग, काहीही इतिवृत्तात येऊ देऊ नका, माध्यमांतून बालकाची ओळख उघड करायला कलम २३ ची बंदी आहे.

आणि प्रवेश अर्जासोबतच्या हमीपत्रावर सही प्राचार्य आणि संस्थेचे सचिव या दोघांची घ्या. एकट्या क्रीडा संचालकाची चालवून घेऊ नका. उद्या प्रकरण निघालं तर सगळं त्याच्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे होतात.