दुसरी पंचवार्षिक योजना: आधी पोलाद की आधी भाकरी?

लोहमार्ग: दुसऱ्या योजनेला (१९५६-६१) हल्ली सरसकट शिव्या घालतात, म्हणून हा धागा. या योजनेचा आराखडा आखणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा हिशेब सरळ होता: आधी जड उद्योग. यंत्रं बनवणारी यंत्रं इथे झाली नाहीत, तर प्रत्येक नव्या कारखान्यासाठी परदेशाच्या तोंडाकडे बघत बसायचं. आपली निर्यात काय, तर ताग, चहा, सुती कापड; तेवढ्यावर किती यंत्रं आणणार? भिलाई, रूरकेला, दुर्गापूर हे दहा-दहा लाख टनांचे पोलाद कारखाने तेव्हा कोणता शेठ उभारणार होता? १९४४ च्या बॉम्बे प्लॅनमध्ये, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेल्या विकास आराखड्यात, टाटा-बिर्लांनीच सरकारचा मोठा वाटा गृहीत धरला होता.

कोरडवाहू: आणि माणसं खाणार काय, हे त्या हिशेबात कुठे होतं? भिलाईच्या मजुराच्या हातात पगार पडला की तो आधी धान्य, तेल, कापड घेणार. ते वाढलं नाही तर महागाई ठरलेली. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद तेव्हाच हे सांगत होते. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध (नोटा छापून खर्च भागवण्याविरुद्ध) योजनेवरच्या अर्थतज्ज्ञांच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. ऐकलं कोणी? दोन वर्षांत परकीय चलनाची गंगाजळी आटली, योजनेला कात्री लागली. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू येऊ लागला, पुढे रेशनवर लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी. आजी सांगते, पिठाला चिकटपणाच नसायचा, भाकरी थापता थापता चिरायची. स्वावलंबनासाठी निघालेला देश धान्याच्या जहाजांची वाट बघत होता!

लोहमार्ग: साठच्या दशकातला दुष्काळ महालनोबिसांच्या माथी कशाला? धरणाचे दरवाजे, पंप, ट्रॅक्टर पोलादाशिवाय झाले असते का? हरितक्रांती नुसत्या बियाण्यावर झाली नाही.

तिठा: दोघांचंही अर्धंच पटतं. दक्षिण कोरियातही पोहांगचा पोलाद कारखाना सरकारनेच उभारला, १९७३ मध्ये सुरू केला. पण तिथे सवलत हवी तर निर्यात करून दाखवावी लागे. आपल्याकडे कारखान्याचा सरकारी परवाना मिळाला की गिऱ्हाईक बांधलेलंच, मग स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावा.

कोरडवाहू: कोरियाचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. तिथे कारखान्यांच्या आधी कसणाऱ्याला जमीन मिळाली, पोरं शाळेत गेली. आपल्याकडे १९५१ ला साक्षरता जेमतेम १८ टक्के, आणि घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सक्तीच्या मोफत शिक्षणासाठी दिलेली मुदत १९६० ला सरली. भिलाईच्या भट्टीतून १९५९ ला लोखंड निघालं. गावातली शाळा मात्र पुढच्या योजनेवर ढकलली गेली. माझा राग पोलादावर नाही, या क्रमावर आहे.