घरात शेंगांचं पोतं असताना प्रोटीनचा डबा कशाला?

कागलची सून: जावेनं दीड वर्षाच्या पोरासाठी महागडा प्रोटीनचा डबा आणलाय, आणि माळ्यावर भुईमुगाच्या शेंगा तशाच पडून. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एवढ्या पोराला दिवसाला लागतात बारा-तेरा. दाणे भाजायचे, साल पाखडायचं, तेल सुटेस्तोवर कुटायचं आणि दूध-भाकरीच्या काल्यात दोन चमचे घालायचं. अख्खा दाणा मात्र द्यायचा नाही, घशात अडकतो. जोडीला हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज. बास की!

अंगणवाडीताई, शिरोळ: बास नाही होत, बाई. शेंगदाण्यात लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, कमी आणि बी-१२ जीवनसत्त्व तर नाहीच. एक अंडं दोन्ही देतं. खाणाऱ्या घरातसुद्धा 'लहान पोराला उष्ण पडतं' म्हणून देत नाहीत, याचा मला फार राग येतो.

माळकरी, भुदरगड: ज्यांच्यात अंडं चालत नाही त्यांनी काय करायचं? दुधातही बी-१२ असतं.

अंगणवाडीताई: असतं की. पण दारात दोन म्हशी असून दूध जातं दूध संस्थेत, फॅट चांगली लागून दर मिळावा म्हणून. पोराच्या वाट्याला कपभर चहा आणि बिस्कीट. आधी पोराची वाटी भरा, मग किटली.

उसाच्या फडावरनं: तुम्ही सगळे प्रथिनांतच अडकलाय. पोषणतज्ज्ञ मॅकलॅरन यांनी १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात लिहिलं होतं की प्रथिनांच्या तुटवड्याचा नको तेवढा बाऊ झाला. पोटाला पुरेसं नसेल तर शरीर प्रथिनंच जाळून भागवतं. ऊसतोड टोळीतलं पोरगं मी रोज बघतो. आई पहाटे कोयता घेऊन फडात, पोरगं खोपीत सात वर्षांच्या बहिणीजवळ. सकाळची गार भाकरी, तीही कोरडी. त्याला दिवसातून पाच वेळा भरवणारं माणूस आणि घासाला चमचाभर तेल मिळू दे, मग अंडं की दाणे ते बघू.

कागलची सून: तेलाचं म्हणता ना दादा, शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं! कुटाचा लाडू करून ठेवला तर ती बहीणसुद्धा कुस्करून भरवेल. फक्त बुरशी आलेला, कडवट दाणा निवडून टाकायचा.

उसाच्या फडावरनं: लाडू ती भरवेल. आजारी पोरगं तोंड फिरवतं तेव्हा तासभर मांडीवर घेऊन बसणार कोण? ती स्वतःच लहान आहे.

अंगणवाडीताई: दादा, त्या पोराच्या दंडाला कुपोषण बघायची टेप लावली का? साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर असेल तर लाडवाची वाट बघू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या.