चाल आहे, ऐकलंत कशावर?

वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी लिहिलंय की अमेरिकन बास गिटारवादक व्हिक्टर वूटनचा ‘अ शो ऑफ हँड्स’ हा अल्बम म्हणजे नुसती बोटांची कसरत, चाल कुठे सापडतच नाही. अजिबात पटलं नाही. १९९६च्या या अल्बममध्ये वाद्य एकच, चार तारांचा बास (खर्जातली गिटार), त्यावर दुसरा ट्रॅक चढवलेला नाही. त्यात वाजवलेलं स्टीव्ही वंडरचं गाणं ‘ओव्हरजॉइड’ ऐका, चाल आणि खर्ज दोन्ही त्याच दोन हातांतून येतात!

पण ऐकलंत कशावर? बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फार खालच्या सुरात वाजते. फोनचा स्पीकर तिथवर पोचत नाही, उरतो तो टकटकाट. मीही आधी ठाणे-वाशी लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकून सोडून दिला होता. मग ऐरोलीला घरी, रात्री पंखा बंद करून मोठ्या हेडफोनवर लावला. तेव्हा तो खर्ज पहिल्यांदा कानात उतरला.