अनुभव धागा : पुढे काय होणार हे माहीत असूनही श्वास अडकला, असं कधी झालंय?

गोदाकाठची_मीनल :
परवा रात्री लेकीसोबत 'दृश्यम' पुन्हा पाहिला. निशिकांत कामतांचा, २०१५ चा. पोलीस घरामागे खणायला लागले तेव्हा लेकीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. नंतर म्हणाली, "आई, काय घडलं, कुणाच्या हातून घडलं, सगळं आपल्याला आधीच दाखवलंय. मग एवढी धडधड कशाची?"

मला एकदम बाबा आठवले. आम्ही पंचवटीत वाड्यात राहायचो. संध्याकाळी लाइट गेली की बाबा ओट्यावर बसून सिनेमे सांगायचे. 'बीस साल बाद', 'वो कौन थी', आणि काही तर त्यांनी स्वतःच रचलेले, हे खूप नंतर कळलं. समोर वाड्यातली दहाबारा पोरं. बाबांची पद्धत अशी की खुनी कुठे दडलाय ते पहिल्यांदाच सांगून मोकळे व्हायचे. "माळ्यावर तो बसलाय. हातात सुरी. आता खाली दार उघडून ती येते. चपला काढते. पिशवी खुंटीला लावते. तहान लागलीये तिला, माठाकडे जाते..." आणि इथे बाबा थांबून तांब्यातलं पाणी प्यायचे. सावकाश, घोट घोट. आम्ही सगळे ओरडायचो, "काका, तिला वर जाऊ देऊ नका ना!"

हिचकॉकने सांगितलेली टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट मी कॉलेजात असताना वाचली. दोघं गप्पा मारतायत आणि बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवून ठेवला, तर त्याच साध्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. बाबांनी हिचकॉकचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण माळ्यावर माणूस बसवून खाली पाणी पाजायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुमचेही अनुभव लिहा. सिनेमाचेच हवेत असं नाही.

सई_सिडको :
मीनलताई छान लिहिलंय, पण हात जोडते, दृश्यमचा शेवट इथे कुणी लिहू नका. मी अजून पाहिला नाहीये. कुकर लावलाय, नंतर वाचते सगळं.

प्रसाद_सातपूर :
सई, अगं टीव्हीवर महिन्यातून दोनदा लागतो!!

सई_सिडको :
लागतो हो दादा, पण तेव्हा पोरांचा अभ्यास असतो.

अण्णा_नाशिकरोड :
माझे वडील टॉकीजमध्ये मशीन ऑपरेटर होते. मी शाळेतून थेट केबिनमध्ये. तिथे दोन मशीन असायची. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर चित्र पलटायचं. चुकलं तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. वडिलांनी मला नऊ-दहा वर्षांचा असताना ते ठिपके दाखवले. त्यानंतर कुठलाही भुताचा सिनेमा असो, माझी छाती धडधडायची ती त्या कोपऱ्यासाठी. हवेलीत मेणबत्ती घेऊन बाई जिना चढतेय, सगळं थिएटर चिडीचूप, आणि मी वडिलांच्या हाताकडे बघतोय.

एकदा एकच प्रिंट दोन टॉकीजना होती. रीळ सायकलवरून इकडून तिकडे जायचं. खून झाला, खोलीत कोण शिरतंय ते दिसणार, आणि पुढचं रीळ आलंच नाही. सायकल पंक्चर. पाऊण तास इंटरवल चालला, पण एक माणूस घरी गेला नाही. वडे संपले, चहा संपला, लोक पायऱ्यांवर बसून खुनी कोण यावर भांडत होते. शेवटी रीळ आलं तेव्हा टाळ्या पडल्या त्या सायकलवाल्या पोराला.

प्रसाद_सातपूर :
वा अण्णा! हे वेगळं लिहा, मोठं लिहा.

निशिगंध :
आई 'पाठलाग'चं सांगायची. राजा परांजप्यांचा, १९६४ चा. बायको वारलेली, आणि हुबेहूब तशीच बाई कोर्टात आरोपी म्हणून उभी. 'या डोळ्यांची दोन पाखरे' लागलं की आई हातातलं काम थांबवायची. दोन वर्षांनी त्याचाच हिंदी 'मेरा साया' आला. आईला शेवट पाठ होता, तरी ती मावशीला घेऊन गेली आणि पूर्ण वेळ पदर तोंडात धरून बसली. आता आई नाही. गाणं लागलं की मीच टीव्हीसमोर उभी राहते.

गोदाकाठची_मीनल :
निशिगंध, डोळ्यात पाणी आलं गं. माझ्या आईचंही तेच गाणं.

ओंकार_कॉलेजरोड :
आवाज बंद करून बघा, भीती निम्मी होते. मी 'सायको'चा तो न्हाणीघराचा प्रसंग आधी म्यूट करून पाहिला, मग व्हायोलिनसकट. दुसऱ्यांदा पाय वर घेऊन बसलो. हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, संगीतकार हर्मनने ऐकवल्यावर त्याने मत बदललं. आणि १९६० मध्ये सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका असं थिएटरांना बजावलं होतं. कारण नायिका निम्म्याच्या आधीच मरते, उशिरा आलेला माणूस तिला शोधत बसला असता.

'जॉज'चंही तसंच. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो न दाखवता दोन सुरांवर भागवलं. न दिसणारा शार्क जास्त चावतो.

सई_सिडको :
शिट्ट्या झाल्या. ओंकार, मला पाण्याचीच भीती वाटते, आता गंगेवर (आपल्या गोदेवर) गेले की ते दोन सूर वाजणार डोक्यात.

भांडीबाजार :
पाण्यावरून लिहितो. सिनेमाशी संबंध नाही, पण मीनलताईंनी चालेल म्हटलंय.

आमचं दुकान नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१६ चा ऑगस्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं मोबाइलवर आलं तेव्हा रामकुंडापाशी लोक फोटो काढत होते. सोडलेलं पाणी गावात पोचायला वेळ लागतो. तो मधला वेळ म्हणजे ताईंचा टेबलाखालचा बॉम्ब. चहावाला चहा देतोय, समोरचा गिऱ्हाईकाला पातेलं वाजवून दाखवतोय, आणि आपल्याला माहितीये की पाणी निघालंय.

नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी तिच्या कुठवर आलं ते बघून. दर थोड्या वेळाने पोरगा पळत यायचा. "पप्पा, गुडघ्याला." मग "मांडीला." वडील शांतपणे खालच्या फळीवरची पितळेची पातेली एकात एक घालून वर देत होते. "कमरेला" म्हणाला तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त हात भराभर चालायला लागले. "छातीला" म्हणत आला तेव्हा त्याच्या मागोमाग पाणी उंबऱ्याशी आलं होतं, पिवळं, वर एक प्लास्टिकची चप्पल तरंगत. खालच्या दोन फळ्या गेल्या, बाकी माल वाचला. मी आजही कुठल्याही सिनेमात घड्याळाचा काटा दाखवला की पोराचा तो आवाज ऐकतो.

अण्णा_नाशिकरोड :
अंगावर काटा आला. वडील बरे आहेत ना आता?

भांडीबाजार :
हो, रोज गल्ल्यावर बसतात. पावसाळ्यात खालची फळी रिकामी ठेवतात.

शिक्षिका_निवृत्त :
भांडीबाजार, तुमचं वाचून राहवलं नाही. नदी आणि काठावर धास्तावलेली माणसं, हे दृश्य तर आपल्या फाळक्यांनीच घेतलंय. 'कालिया मर्दन', १९१९. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि तेव्हा कंपनीही नाशिकलाच होती. बाळकृष्णाचं काम त्यांच्या लहानग्या मंदाकिनीने केलंय. कृष्ण डोहात उडी मारतो, आणि फाळके एकदा पाण्यातली झुंज दाखवतात, एकदा काठावरचे घाबरलेले गावकरी. कृष्ण जिंकणार हे त्या काळच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी बघणारा काठावरच्यांबरोबर जीव टांगून उभा राहतो. मूकपट, आवाजाचा आधार नाही. मी वर्गात मुलांना दाखवायचे, मागच्या बाकावरची पोरं उभी राहायची.

ओंकार_कॉलेजरोड :
मॅडम, हे माहीतच नव्हतं. आज रात्री बघतो.

प्रसाद_सातपूर :
मीनलताई, वाडा पंचवटीत नेमका कुठे? माझं आजोळ काळारामाच्या मागे. ओट्यावर सिनेमा सांगणारे एक काका होते, धोतर नेसायचे, मध्येच पाणी प्यायचे...

गोदाकाठची_मीनल :
प्रसाद!! मोठा चाफा होता का अंगणात?

प्रसाद_सातपूर :
हो! आणि विहिरीवर लोखंडी जाळी. ताई, तिला वर जाऊ देऊ नका म्हणून मीही ओरडलोय. मला तर कधी कळलंच नाही ती वर गेली की नाही, आजी जेवायला हाक मारायची.

गोदाकाठची_मीनल :
बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. थांब, विचारून सांगते.

गोदाकाठची_मीनल :
विचारलं. म्हणाले, "त्याला म्हणावं ये घरी, सांगतो." आणि तांब्या मागवला.

सई_सिडको :
भांडी झाली, पोरं झोपली, दृश्यम लावलाय. इंटरवलपर्यंत आलेय. हात गार पडलेत. तासभर कुणी काही लिहू नका.