पालिकेच्या स्विमिंग टँकचं कँटीन ठेक्याने द्यायचंय, टेंडरमध्ये काय काय टाकू?

तलावकाठचा

नमस्कार मंडळी. मी एका नगरपरिषदेच्या क्रीडा संकुलात व्यवस्थापक आहे, म्हणजे कंत्राटीच, गावाचं नाव विचारू नका. संकुल म्हणजे २५ मीटरचा टँक, दोन बॅडमिंटन कोर्ट, व्यायामशाळा, पुढे बाग आणि बागेला लागून उपहारगृह, जे गेलं दीड वर्ष कुलूपबंद आहे.

आधी पालिकाच चालवायची. एक रोजंदारीवरचा स्वयंपाकी आणि दोन शिपाई, चहा मिळायचा पण तो साहेब राउंडला आले तर. तोटा दिसायला लागल्यावर ठेक्याने दिलं. बाकीच्यांच्या बोल्या तिशीच्या आसपास होत्या, एकाने महिना ६१ हजार भरले, अर्थात त्यालाच मिळालं. सात महिन्यांत पळाला. अनामत १ लाख होती आणि आमच्याच मीटरवरचं थकलेलं लाइट बिल १ लाख ९० हजार. मागे एक बंद पडलेला डीप फ्रीझर ठेवून गेलाय तेवढीच वसुली.

आता मुख्याधिकारी साहेब म्हणतात नवीन टेंडरचा मसुदा तू कर, तू रोज तिथे असतोस. मी बीपीएड झालोय हो, टेंडर कसलं करतो. मागचीच फाईल पुढे ओढायची म्हटलं तर परत तेच होणार. भाडं जास्त देणाऱ्याला नाही द्यायचं तर मग कुणाला द्यायचं आणि ऑडिटवाल्यांना काय सांगायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज. उन्हाळी शिबिर सुरू व्हायच्या आत दार उघडायचंय.

वडेवाले मामा

एका नाट्यगृहाचं कँटीन मी १४ वर्षं चालवलंय, तेही पालिकेचंच, म्हणून ठेकेदाराच्या बाजूने लिहितो.

६१ हजाराचा हिशोब करा. दिवसाला दोन हजाराच्या वर झाले. वडापावमागे सगळं जाऊन ५ रुपये सुटतात धरले (सुटतात तेव्हा) तर रोजचे ४०० वडापाव फक्त पालिकेसाठी तळायचे, त्यानंतर मग पोरांचे पगार, गॅस आणि माझं घर. तुमच्या टँकवर जुलैत किती माणसं असतात? दीडशे? मग तो पळणारच होता, तुम्ही त्याला बोली लावली तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. आणि पळत नाही तो काय करतो तेही ऐका. तेल चार दिवस चालवतो, चहाचा कप अंगठ्याएवढा होतो, पाण्याच्या बाटलीवर पाच जास्त घेतो, आणि शेवटी तो ठेका दुसऱ्याच कुणाला तरी परस्पर चालवायला देऊन घरी बसतो. जास्त भाडं पालिका घेते असं कागदावर दिसतं, भरतं गिऱ्हाईक.

दुसरं म्हणजे बंद दिवस. हे कुणी टेंडरमध्ये लिहीतच नाही. टँक दुरुस्तीला काढला की दोन महिने बंद. निवडणूक आली की क्रीडा संकुल मतपेट्या, मशीन ठेवायला आणि मोजणीला ताब्यात जातं, गेटवर पोलीस, कँटीनला जायचीच सोय नाही. २०२० ला तर नाट्यगृहं महिनोन्महिने बंद होती आणि मला भाड्याची नोटीस आली होती! माफ करून घ्यायला किती चकरा मारल्या ते विचारू नका. तेव्हा जेवढे दिवस संकुल पालिकेमुळे किंवा सरकारी आदेशाने बंद तेवढे दिवस भाडं नाही, असं साध्या मराठीत एक कलम टाका. एवढ्या एका ओळीने तुम्हाला चार चांगले लोक जास्त मिळतील.

आणि ११ महिन्यांचा करार करू नका. ११ महिन्यांसाठी कुणी चांगला फ्रीज, चिमणी, स्टीलचं टेबल घेत नाही, सगळं भंगारातून आणतो.

टिफिनवाली आई

मामा बरोबर बोलले पण बाहेर बाकड्यावर बसणाऱ्यांचं पण कुणीतरी ऐका. माझा मुलगा रोज संध्याकाळी पोहायला जातो (आमच्या इथला टँक, तुमचा नाही). पाण्यातून बाहेर आलं की पोरांना अशी भूक लागते की समोर ठेवाल ते खातात, आणि समोर काय असतं तर चिप्सच्या माळा, रंगीत सरबत आणि गार समोसा. तासभर हातपाय मारून जे कमावलं ते दहा रुपयाच्या पाकिटात गेलं. उपमा, उसळ, उकडलेलं अंडं, केळी, गरम दूध यातलं काहीतरी रोज असलंच पाहिजे असं लिहिता येत नाही का? पोरं मागत नाहीत म्हणून ठेवत नाही म्हणतात, अहो दिसलंच नाही तर मागणार कुठून.

दुसरं, घरचा डबा आणि पाण्याची बाटली चालली पाहिजे. आमच्याकडे ठेकेदाराने पाटी लावलीय बाहेरचे पदार्थ आणू नयेत. पालिकेच्या जागेत, आमच्याच पट्टीच्या पैशातून बांधलेल्या, मी माझ्या पोराला पोळीचा रोल द्यायचा नाही? वॉचमन पिशव्या बघतो हो!! आणि पिण्याच्या पाण्याचा नळ बरोबर कँटीन सुरू झाल्यावर बिघडला तो आजतागायत बिघडलेलाच आहे, योगायोग असेल.

बाटलीवर जास्त घेतात त्याची तक्रार कुठे करायची तेही सांगा कुणीतरी. एमआरपीच्या वर घेणं गुन्हा आहे ना?

निवृत्त लेखापाल

ताई, तेवढं सरळ राहिलेलं नाही. नुसत्या दुकानात एमआरपीच्या वर घेता येत नाही, वैधमापन शास्त्रवाल्यांकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करता येते. पण हॉटेल रेस्टॉरंटच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की तिथे बसायची जागा, वाढणं ही सेवा पण असते त्यामुळे बाटलीला जास्त लावलं तरी तो कायदा आड येत नाही. मग कँटीनवाला म्हणणार मी रेस्टॉरंट. म्हणून कायद्यावर न सोडता करारातच लिहायचं की सर्व पाकीटबंद माल छापील किमतीलाच विकायचा. मग वाद कराराचा होतो आणि दंड पालिका लावते.

आता तलावकाठचा यांच्यासाठी. ३१ वर्षं नगरपालिकांच्या लेखा विभागात काढली, ऑडिटचे पॅरे, म्हणजे लेखी आक्षेप, दोन्ही बाजूंनी बघितलेत. एक गैरसमज आधी काढा. ऑडिट हे विचारत नाही की सर्वात जास्त भाडं का घेतलं नाही. ऑडिट विचारतं की जाहिरातीत जे लिहिलं होतं ते सोडून दुसरंच का केलं. तुमच्या जाहिरातीत "सर्वोच्च बोली" असेल आणि तुम्ही दोन नंबरला दिलं तर पॅरा निघणारच, निघालाच पाहिजे. पण सभेने आधीच ठराव केला की हे उपहारगृह उत्पन्नासाठी नसून संकुलात येणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, भाडं अमुक, ते कशावरून काढलं त्याचं टिपण सोबत, आणि निवड दरपत्रकावर आणि कामाच्या अनुभवावर, तर कुणी काही करू शकत नाही. भाडं ठरवताना मात्र जागेचं मूल्यांकन करून घ्या, मनाने आकडा टाकू नका. नगरपरिषद अधिनियम १९६५ चं कलम ९२ मालमत्ता देण्याबद्दल आहे, कोणाची मंजुरी लागते ते तुमच्या साहेबांबरोबर बसून वाचा.

भाडेपट्टा अजिबात नको. लिव्ह अँड लायसन्स करा, म्हणजे नुसती वापराची परवानगी, ताबा पालिकेचाच. कुलपाची एक किल्ली ऑफिसात. करार नोंदवून घ्या, आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक पाव टक्का आहे, तेवढ्यासाठी नोटरीवर भागवू नका. झुणका भाकर केंद्रं आठवतात ना? १९९५ ची योजना, एक रुपयात झुणका भाकर, मोक्याच्या जागा दिल्या. योजना बंद पडली पण जागा काही सुटल्या नाहीत, कितीतरी ठिकाणी तिथे चायनीज आणि वडापाव सुरू झाला आणि पालिका वर्षानुवर्षं कोर्टात. दिलेली जागा परत घेणं ही पालिकेच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

लाइटचं काय झालं ते तर तुम्ही भोगलंच. स्वतंत्र मीटर, ठेकेदाराच्या नावाने, व्यापारी दराचा. तो येईपर्यंत सबमीटर आणि दर महिन्याला रीडिंगवर दोघांच्या सह्या. अनामत सहा महिन्यांच्या भाड्याएवढी तरी.

जीएसटी विसरू नका. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर पालिकेला दिलेल्या भाड्यावरचा १८ टक्के कर त्याने स्वतः भरायचा असतो, रिव्हर्स चार्ज म्हणतात ते. आणि त्याचा ५ टक्केवाला हॉटेलचा कर असतो त्यात असा भरलेला कर वजा करून मिळत नाही, म्हणजे ३० हजाराचं भाडं त्याला ३५,४०० ला पडतं. हे आधी सांगितलं नाही तर नंतर भांडणं होतात.

गाडीवरचा पावभाजीप्रेमी

मी म्हणतो कँटीन पाहिजेच कशाला? गेटबाहेर पाच गाड्या लागतात, कांदाभजी, मक्याचं कणीस, अंडाबुर्जी, सगळं गरम समोर तळून. आत एकाला ठेका दिला की पहिलं काम तो बाहेरच्यांना हाकलायचं करतो, अतिक्रमण अतिक्रमण ओरडून. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, सर्वेक्षण, प्रमाणपत्र, समिती सगळं आहे त्यात, ते करा की आधी. त्यांना नळ आणि कचऱ्याचा डबा द्या बस.

वडेवाले मामा

@पावभाजीप्रेमी गाडीवर माझं पण प्रेम आहे पण सकाळी साडेपाचला टँकवर म्हातारी माणसं येतात तेव्हा एक गाडी दिसणार नाही तुम्हाला. कँटीनची खरी परीक्षा सकाळी सहाचा चहा. रात्री आठला कुणीपण दुकान उघडं ठेवतो.

बचतगट ताई

आम्ही १२ जणी मिळून एका सरकारी ऑफिसचं कँटीन तीन वर्षं चालवतोय. टेंडरमध्ये बचत गटांना वाव ठेवा एवढंच सांगायला आले होते पण वरचं वाचून जरा जास्त लिहिते.

आमच्यासारख्यांना अडवतं ते भाडं नाही, अटी अडवतात. मागच्या तीन वर्षांची उलाढाल ५० लाख, असं लिहिलं की आम्ही बाद. बयाणा १ लाख म्हटलं की बाद. आणि मग ज्याची उलाढाल ५० लाख आहे तो येतो आणि चिप्स टांगतो. त्यापेक्षा तांत्रिक लिफाफा (दर सोडून बाकी कागदपत्रांचा) उघडल्यावर एक दिवस सगळ्यांना तिथेच नाश्ता करायला लावा, तुमचे रोजचे पोहणारे दहा जण खाऊन मार्क देतील. आमच्याकडे असंच झालं होतं, आमच्या थालीपीठाने आम्हाला कँटीन मिळवून दिलं असं मी सगळ्यांना सांगते.

पण एक खरं सांगते, राग मानू नका. बचत गटाला राखीव ठेवलं की कुणाच्यातरी वहिनीच्या नावावर रातोरात गट उभा राहतो, सह्या बायकांच्या आणि गल्ल्यावर बसलेला भाऊ. म्हणून गटाचं बँक पासबुक दोन वर्षांचं मागा, आपसात कर्ज दिल्याच्या नोंदी बघा. खरा गट लगेच कळतो.

अन्न परवाना त्या पत्त्यावरचाच हवा, दुसऱ्या हॉटेलचा आणून भिंतीला लावतात. आणि गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, घरगुती लाल टाकी दिसली की त्याच दिवशी दंड. तुमचा टँक आहे म्हणून आठवलं, ब्लिचिंग आणि क्लोरीनची खोली किचनला लागून नाही ना? आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी पिठाची पोती आणि ब्लिचिंगची पोती एकाच पत्र्याखाली होती.

तलावकाठचा

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ताई, क्लोरीनची खोली मागच्या बाजूला आहे पण किचनची खिडकी त्याच बाजूला उघडते, आज जाऊन बघितलं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खिडकी बुजवून दुसरीकडे काढायला लागेल, आधी बांधकामवाल्यांना पत्र देतो.

मी असं लिहिलंय, चुकत असेल तर सांगा. भाडं मूल्यांकनाप्रमाणे ठरलेलं, त्यावर बोली नाही. १४ पदार्थांची यादी आम्ही देणार (चहा, पोहे, उपमा, उसळ, अंडं, केळं, दूध, वडा वगैरे) आणि प्रत्येकाचा जास्तीत जास्त दर छापणार, बोली त्या दरावर किती टक्के कमी याची. नाश्त्याच्या दिवसाचे मार्क वेगळे. ३ वर्षं आणि काम नीट असेल तर २ वाढवून. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि दुपारी साडेतीन ते रात्री नऊ उघडं. घरचा डबा चालेल अशी पाटी ठेकेदारानेच लावायची, त्याच्याच खर्चाने. पाण्याचा नळ आमची जबाबदारी आणि नळ बंद असेल त्या दिवशी त्याने बाटलीबंद पाणी विकायचं नाही (हे साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी स्वतः खाली रेघ मारली).

निवृत्त लेखापाल

नळाचं कलम छान आहे पण पालिकेचा नळ आठवडाभर बंद राहिला तर ठेकेदार तुमच्यावर नुकसानीचा दावा लावेल, जरा जपून. आणि टक्क्यांच्या बोलीत एक फट आहे. कुणीतरी ४० टक्के कमी भरणार आणि वड्याचा लाडू करणार. वजन लिहा. चहा किती मिली, वडा किती ग्रॅम. आणि फार खालची बोली आली तर पदार्थवार खर्चाचा हिशोब मागायचा अधिकार ठेवा.

वडेवाले मामा

काकांनी माझ्या मनातलं लिहिलं. वडा तळून ७० ग्रॅमच्या खाली नको, वजनकाटा काउंटरवर गिऱ्हाइकाला दिसेल असा. तेलाचं पण टाका, तेलातले पोलर घटक (तेल परत परत तापवलं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं असा २०१८ पासून नियमच आहे, ते मोजायचं यंत्र हातात धरण्याएवढं असतं, पालिकेने एक घेऊन ठेवलं तर तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा कढईत बुडवून बघू शकता. पेपरात बांधून देणं बंद. आणि शाई लागलेला वडाच चवदार लागतो म्हणणारे भेटतील तुम्हाला, त्यांचं ऐकू नका, मीपण त्यातलाच होतो.

टिफिनवाली आई

हे सगळं आमच्या पालिकेला पाठवू का? नाव नाही लिहिणार तुमचं.

तलावकाठचा

पाठवा ताई, पण मंजूर होऊ द्या आधी. सर्वसाधारण सभा पुढच्या आठवड्यात आहे आणि एका मेंबरचा आत्ताच फोन येऊन गेला, मागच्या वेळी ६१ हजार येत होते मग आता भाडं एवढं कमी कसं म्हणून. काका, ते मूल्यांकनाचं टिपण कसं लिहितात त्याचा एखादा जुना नमुना असेल तर मेसेजमध्ये टाका ना.